दालनातला झगमगाट, फाटकाबाहेरची फरफट

विशेष प्रतिनिधी

मुंबई : प्रदर्शन कसे झाले, असे आयोजकाला विचारले तर किती चौरस मीटर जागा भरली, किती गाळे लागले आणि किती लोक येऊन गेले, याचे आकडे तो सांगतो. हाच प्रश्न प्रदर्शन पाहून घरी परतलेल्या माणसाला विचारला, तर तो बहुधा आधी आपल्या पायांबद्दल बोलतो. रिक्षा कुठे मिळाली नाही, रांगेत किती वेळ गेला, बसायला जागा कशी नव्हती आणि पाण्याच्या बाटलीला किती पैसे पडले, हे सांगून झाल्यावर मग कधीतरी आत काय पाहिले याचा विषय निघतो. या दोन उत्तरांमधील अंतर हीच मुंबईच्या प्रदर्शनांची खरी समस्या आहे.

उपनगरांत हा प्रश्न प्रामुख्याने एका पत्त्याशी निगडित आहे. गोरेगाव पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत उभे असलेले बॉम्बे एक्झिबिशन सेंटर, म्हणजेच सर्वांच्या तोंडी रुळलेले ‘नेस्को’. दागिन्यांपासून प्लास्टिकच्या यंत्रांपर्यंत, बांधकाम साहित्यापासून तरुणाईच्या ‘कॉमिक कॉन’पर्यंत आणि व्यापारी मेळ्यांपासून नवरात्रीतील दांडियापर्यंत सारे काही येथे भरत आले आहे. राजकारणालाही या जागेचे वावडे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांनी गटप्रमुखांचा मेळावा येथेच घेतला. २०२५ च्या दसऱ्याला पावसाने आझाद मैदानावर चिखल केला, तेव्हा एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचा मेळावा याच छताखाली आला. त्याच महिन्यात ‘इंडिया मेरिटाइम वीक’च्या निमित्ताने देशोदेशीचे प्रतिनिधी येथे जमले. तात्पर्य, ही जागा खासगी मालकीची असली तरी तिचा वापर सार्वजनिक आहे. त्यामुळे तेथे येणाऱ्या माणसाची सोय-गैरसोय हा केवळ आयोजक आणि जागामालक यांच्यातील कराराचा विषय राहत नाही.

कारखान्याची जागा, माणसांची गर्दी

‘नेस्को’ हे नाव मुळात ‘न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनी’ या नावाचे लघुरूप. गोरेगावच्या या आवारात एके काळी यंत्रे बनत. उपनगरांतील कारखानदारी ओसरू लागली, तशी महामार्गालगतच्या जमिनींनी रूपे पालटली. शेजारच्या निरलॉनच्या जागेवर माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची संकुले आली, नेस्कोच्या आवारात प्रदर्शनाची दालने आणि पुढे कार्यालयांचे मनोरे उभे राहिले.

या स्थित्यंतराकडे केवळ जमिनीच्या किमतीच्या अंगाने पाहिले जाते. पण त्यात एक साधी गोष्ट नजरेआड होते. कारखान्यात माणसे ठरलेल्या पाळीला येतात, रोज त्याच वाटेने जातात आणि त्यांना आतला कोपरा न् कोपरा ठाऊक असतो. प्रदर्शनाला येणारा माणूस बहुधा वर्षातून एकदा येतो, त्याला फाटक कुठले हेही ठाऊक नसते आणि तो एकटा नसून हजारोंच्या लोंढ्याचा भाग असतो. मालाची ने-आण करणाऱ्या ट्रकला महामार्गालगतची जागा सोयीची वाटते. लोकलमधून उतरलेल्या माणसाला तोच महामार्ग अडथळा वाटतो. उपनगरांतील औद्योगिक पट्ट्यांचे रूप पालटले, पण तेथवर पोहोचण्याच्या वाटा त्या वेगाने पालटल्या नाहीत.

मेट्रोने काय बदलले?

गेल्या काही वर्षांत या चित्रात मोठी सुधारणा झाली, हे मान्य करावे लागेल. जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामध्ये डिसेंबर २०१६ मध्ये राम मंदिर स्थानक सुरू झाले. त्याच वर्षी पूर्व-पश्चिम जोडणारा मृणालताई गोरे उड्डाणपूल खुला झाला. मार्च २०१८ मध्ये हार्बर मार्ग अंधेरीहून गोरेगावपर्यंत आला. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे महामार्गावरूनच धावणारी मेट्रो-७. एप्रिल २०२२ मध्ये, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, दहिसर पूर्व ते आरे हा टप्पा सुरू झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये ती अंधेरी पूर्वेच्या गुंदवलीपर्यंत पोहोचली. गोरेगाव पूर्व हे स्थानक या दुसऱ्या टप्प्यातले.

याचा अर्थ प्रत्यक्ष प्रवासाच्या भाषेत असा : बोरिवली पूर्वेचा रहिवासी देवीपाडा किंवा मागाठाणे स्थानकात गाडीत बसतो आणि थेट गोरेगाव पूर्वेला उतरतो. घाटकोपरच्या प्रवाशाला २०१४ पासून धावणाऱ्या मेट्रो-१ ने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकापर्यंत यायचे, पादचारी पुलावरून गुंदवलीला जायचे आणि पुढची गाडी पकडायची. पूर्व उपनगरातून प्रदर्शनाला जाणे हा जो पूर्वी अर्ध्या दिवसाचा खटाटोप होता, तो आता बराच सुसह्य झाला आहे.

मुलुंडकराचे भाग्य मात्र अजून उजळायचे आहे. त्याला आधी मध्य रेल्वेने घाटकोपर गाठणे भाग आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आणि त्यातील राष्ट्रीय उद्यानाखालून जाणारे जुळे बोगदे पूर्ण झाले, की हे अंतर झटक्यात कमी होईल. गमतीची बाब अशी, की या बोगद्यांच्या कामाचे भूमिपूजन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १३ जुलै २०२४ रोजी केले, ते नेस्कोच्याच दालनातून. रस्ता होईल तेव्हा होईल; तोवर त्या सोहळ्याला गेलेल्या मुलुंडकराला घाटकोपरचा वळसा चुकला नव्हता, आणि आजही चुकत नाही.

शेवटचा किलोमीटर

खरी परीक्षा सुरू होते ती स्थानकातून बाहेर पडल्यावर. वाहतूक नियोजनात ज्याला शेवटचा किलोमीटर म्हणतात, तो मुंबईत कायमच अनाथ राहिलेला आहे. मेट्रो एका प्राधिकरणाची, लोकल रेल्वेची, पदपथ पालिकेचा, बस ‘बेस्ट’ची, रिक्षाचे नियमन परिवहन विभागाकडे, वाहतूक नियंत्रण पोलिसांकडे आणि आवार खासगी. प्रदर्शनाला निघालेल्या माणसाच्या एकाच प्रवासात या साऱ्यांच्या हद्दी येतात. पण संपूर्ण प्रवासाची जबाबदारी कोणाचीच नसते.

मोठ्या प्रदर्शनाच्या शनिवारी-रविवारी गोरेगाव स्थानकाबाहेर काय होते, हे सांगण्यासाठी अहवालाची गरज नाही. जवळचे भाडे म्हणून रिक्षाचालक नकार देतो, नाहीतर मीटरऐवजी ठोक रक्कम सांगतो. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले. ते वाढवताना जे समर्थन दिले जाते त्यात नकारघंटेवर उपाय कुठेच नसतो. दुसरीकडे बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचवरून दहा रुपये झाले आणि ‘बेस्ट’चा स्वमालकीचा ताफा तर वर्षानुवर्षे घटतोच आहे. प्रदर्शनाच्या दिवसांत स्थानकापासून फाटकापर्यंत दर दहा मिनिटांनी फेरी मारणारी बस ही काही अवघड गोष्ट नाही. काही आयोजक स्वतःच्या गाड्या ठेवतातही. पण त्याची माहिती येणाऱ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही.

परतीची वेळ याहून कठीण. बहुतेक प्रदर्शने संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास बंद होतात. नेमक्या त्याच वेळी महामार्गालगतच्या कार्यालयांतील हजारो कर्मचारी बाहेर पडतात. दोन लोंढे एकाच सेवा रस्त्यावर येतात आणि मग अर्धा किलोमीटर अंतर कापायला अर्धा तास लागतो. प्रदर्शनाची वेळ तासभर पुढे नेणे किंवा दालने टप्प्याटप्प्याने बंद करणे, यासाठी ना निधी लागतो ना निविदा.

दमलेला प्रेक्षक कोणाचे नुकसान करतो?

आत शिरल्यावर वातानुकूलित दालनात बरे वाटते, ते पहिला तासभर. प्रदर्शनातील चालणे हे रस्त्यावरच्या चालण्याहून अधिक थकवणारे असते. चार पावले चालायचे, थांबायचे, माहितीपत्रक घ्यायचे, पुन्हा चार पावले. पायाखाली पातळ गालिचा आणि त्याखाली टणक काँक्रीट. हातात पिशव्यांचे ओझे वाढत जाते. अशा वेळी टेकायला जागा शोधणाऱ्याला खाद्यपदार्थांच्या टेबलाखेरीज आसरा सहसा नसतो आणि तेथे काही विकत घेतल्याशिवाय बसणे संकोचाचे होते.

बाके का नसतात, याचे उत्तर सरळ आहे. प्रदर्शनातील जागा चौरस मीटरवर विकली जाते. तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद असा नऊ चौरस मीटरचा गाळा हे त्याचे नेहमीचे माप. जेथे चार बाके मावतात, तेथे एक गाळा मावतो आणि गाळ्याचे भाडे येते. आयोजकाच्या दृष्टीने हिशोब बिनचूक आहे. पण तो अपुरा आहे.

प्रवेशद्वाराजवळच्या आणि कोपऱ्यावरच्या गाळ्यांना जादा दर असतो. ते मोठ्या कंपन्यांना परवडतात. सांगलीचा बेदाणा विकणारा, नाशिकचा यंत्रांचे सुटे भाग बनवणारा किंवा वसईची पापड-मसाल्यांची उद्योजिका यांच्या वाट्याला येतात त्या मागच्या रांगा. पहिल्या दोन रांगांतच पाय दुखू लागलेला प्रेक्षक मागच्या रांगांपर्यंत पोहोचतच नाही. पोहोचला तरी थांबत नाही. म्हणजे बाकाची जागा वाचवून जो गाळा विकला गेला, त्याच गाळ्यासमोर माणूस फिरकत नाही. प्रेक्षकाच्या थकव्याची किंमत शेवटी लहान उद्योजक मोजतो. तीन-चार दिवसांचे भाडे, कामगारांचा खर्च, माल आणण्याची गाडी आणि मुंबईतील मुक्काम एवढे सगळे अंगावर घेऊन आलेल्या माणसासाठी एका ग्राहकाचा जादा अर्धा तास म्हणजे नफा-तोट्यामधली रेषा असते.

याउलट उदाहरण दूर नाही. ग्रामीण महिला बचतगटांसाठी राज्य सरकार वांद्रे येथे भरवत आलेले ‘महालक्ष्मी सरस’ पाहावे. तेथे लोक खरेदीइतकेच खाण्यासाठी जातात, जिल्ह्याजिल्ह्याच्या चवी घेत रेंगाळतात आणि रेंगाळता रेंगाळता खरेदी करतात. पार्ले, मुलुंड, बोरिवलीत दिवाळीच्या तोंडावर भरणाऱ्या ग्राहकपेठांचेही तसेच. सभागृह लहान, पण खुर्ची मिळते, ओळखीचे भेटतात, चहा होतो. माणूस टिकला की विक्री होते, हे तेथील गृहिणी-उद्योजिकांना कोणी शिकवावे लागले नाही.

पाणीवाल्या बाईंच्या गोरेगावात

पाण्याचा विषय निघाला की गोरेगावात मृणाल गोरे यांचे स्मरण अटळ आहे. नळाला पाणी यावे म्हणून उपनगरातील बायकांना घेऊन त्या लढल्या आणि ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांच्याच नावाच्या उड्डाणपुलावरून आलेला माणूस प्रदर्शनात शिरतो तेव्हा त्याला पिण्याचे पाणी फुकट आणि सहज दिसेल अशा ठिकाणी मिळणे, ही किमान अपेक्षा ठरते. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास जेथे मनाई असते, तेथे तर हे कर्तव्यच होय.

बाटलीच्या किमतीबाबत कायदा काय म्हणतो, हेही ग्राहकाने जाणून घ्यावे. हॉटेल व उपाहारगृहे केवळ बाटली विकत नाहीत, सेवाही देतात, या कारणाने त्यांना छापील किमतीहून जास्त आकारणी करता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. मात्र एकाच बाटलीवर दोन ठिकाणांसाठी दोन वेगळ्या किमती छापण्यास २०१८ पासून मनाई आहे. नुसत्या टेबलावर बाटल्या मांडून विकणाऱ्याला ‘सेवा’ देत असल्याचा आधार कितपत घेता येईल, हा वादाचा मुद्दा आहे. तक्रार करायची असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. दिवसभराच्या दगदगीनंतर वीस-तीस रुपयांसाठी भांडायचे कोणी, या विचाराने ग्राहक गप्प बसतो आणि त्याच्या मौनावर हा व्यवहार चालतो.

भाषेचेही तसेच. दुकानांच्या पाट्या ठळक मराठीत असाव्यात, असा कायदा राज्याने २०२२ मध्ये अधिक कडक केला. परंतु महानगरातील मोठ्या प्रदर्शनांत दालनांचे नकाशे, सूचना आणि नोंदणीचे अर्ज बहुधा इंग्रजीतच असतात. परदेशी पाहुण्यासाठी इंग्रजी हवीच. पण सातारा किंवा जळगावहून यंत्र पाहायला आलेला कारखानदार हाही ग्राहकच आहे. संकटकाळी बाहेर पडण्याची वाट तरी त्याला त्याच्या भाषेत वाचता यायला हवी.

महामारीने शिकवलेला धडा

हे सारे अशक्य नाही, याचा पुरावा याच दालनांनी दिला आहे. जून २०२० मध्ये पालिकेने येथे भव्य करोना केंद्र सुरू केले. एकेकाळी यंत्रांच्या आणि पुढे गाळ्यांच्या रांगा असलेल्या जागेत खाटांच्या रांगा लागल्या. मुलुंडला रिचर्डसन अँड क्रूडासच्या आवारातही तसेच केंद्र झाले. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण सुरू झाले आणि उपनगरांतील ज्येष्ठ मंडळी या केंद्रांपुढे रांगेत उभी राहिली. सुरुवातीच्या दिवसांत नोंदणी प्रणालीच्या अडचणी, उन्हातली ताटकळ असे सारे काही झाले. पण हळूहळू यंत्रणेला उमगले, की प्रश्न लसीइतकाच रांगेचा आहे. रांगेला सावली लागते, बसायला खुर्ची लागते, चालता न येणाऱ्याला चाकाची खुर्ची लागते आणि दाराशी मराठीत सांगणारा माणूस लागतो.

त्या रांगेत उभे असलेले ज्येष्ठ आज घराच्या सजावटीचे, पर्यटनाचे किंवा आरोग्यविषयक प्रदर्शन पाहायला येतात, तेव्हा त्यांची गुडघेदुखी घरी राहत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने तर सार्वजनिक वापराच्या खासगी इमारतींनाही सुगमतेचे बंधन घातले आहे. उतरंड आणि स्वच्छतागृह बांधून हे बंधन संपत नाही. स्थानकापासून शेवटच्या रांगेपर्यंत चाकाची खुर्ची अखंड जाते का, हा त्याचा कस आहे.

सुरक्षिततेचा विचारही येथेच जोडून करायला हवा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जणांचा चेंगरून मृत्यू झाला. तेथे कुठलाही सोहळा नव्हता. अचानक आलेला पाऊस, अरुंद जिना आणि एकाच वेळी आलेली गर्दी एवढेच पुरेसे ठरले. दालनाच्या आत अग्निशमन दलाची परवानगी, बाहेर पडण्याचे दरवाजे, सुरक्षा रक्षक यांची तपासणी होते. फाटकाबाहेरचा जिना, पदपथ आणि सेवा रस्ता मात्र त्या परवानगीच्या कागदावर येतच नाही. गर्दीला कोणाची हद्द कळत नाही, हे मुंबईने फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे.

तिकिटातच प्रवास

जगातील मुरलेली प्रदर्शन-शहरे या प्रश्नाकडे कशी पाहतात? जर्मनीत फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्याच्या प्रवेशपत्रातच तेथील सार्वजनिक वाहतुकीचा प्रवास समाविष्ट असतो. ग्राहकाने गाडी घरी ठेवून यावे, यासाठी याहून प्रभावी जाहिरात नाही. आपल्याकडेही दिल्लीचा दाखला आहे. दरवर्षी १४ नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्याची तिकिटे तेथील मेट्रो स्थानकांवर मिळत आली आहेत, जेणेकरून फाटकावर रांग लागू नये. दिल्लीतच द्वारका येथील ‘यशोभूमी’ केंद्राचे उद्घाटन सप्टेंबर २०२३ मध्ये झाले, त्याच दिवशी त्याच्या दारातील मेट्रो स्थानकही सुरू झाले. इमारत आधी आणि वाट मागून, हा क्रम तेथे टाळला गेला.

मुंबई परिसरातही स्पर्धा वाढते आहे. वाशीत सिडकोचे प्रदर्शन केंद्र रेल्वे स्थानकाच्या जवळच आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर २०२२ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२४ पासून संकुलाला भुयारी मेट्रो-३ चे स्थानकही लाभले. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर उभारणी सुरू असलेली मेट्रो-६ झाली, की गोरेगावचेही पारडे जड होईल. पण केवळ मार्ग वाढल्याने अनुभव सुधारत नाही. मेट्रो आणि प्रदर्शन यांचे एकच तिकीट, स्थानकावरच नोंदणीचा बिल्ला, प्रदर्शनाच्या दिवसांपुरती ‘बेस्ट’ची फेरी, रिक्षांसाठी मीटरसक्तीची ठरावीक रांग, दर काही गाळ्यांमागे बाक आणि पाणी, मराठीतील नकाशा, या सर्व गोष्टी आजच्या व्यवस्थेत बसणाऱ्या आहेत. पालिका, पोलीस आणि अग्निशमन दल परवानगी देतात, तेव्हाच यातल्या निम्म्या अटी घालता येतील. उरलेल्या निम्म्या आयोजकाने स्वतःच्या हितासाठी घालून घ्याव्यात.

मोठे प्रदर्शन हा शहराचा दिवाणखाना मानला जातो. पाहुण्याला दिवाणखान्यापर्यंत नीट आणणे, त्याला बसवणे आणि आधी पाणी पुढे करणे, ही येथील घराघरांतील रीत आहे. त्यासाठी कोणत्याही परदेशी सल्लागाराची गरज पडू नये. किती लोक आले, हा आकडा आयोजक जरूर जाहीर करोत. त्यातले किती पुढच्या वर्षी पुन्हा येतील, हे मात्र दालनात ठरत नाही. ते ठरते फाटकापासून स्थानकापर्यंत परत चालत जाताना.